कुलपावर कुलूप: बाहेरून बसवलेली साधने गाडी किती राखतात?

नवी गाडी घरी आली की पेढे वाटून होतात न होतात तोच अॅक्सेसरीजच्या दुकानाची फेरी सुरू होते. सीट कव्हर, मॅट आणि मडफ्लॅप घेऊन झाले की दुकानदार हळूच विषय काढतो, "सेफ्टीचं काही बसवायचं का?" मग काउंटरवर एकेक वस्तू येते. गिअर लॉक येतो, स्टिअरिंगला अडकवायचा दांडा येतो, सायरन आणि जीपीएस येतो. प्रत्येक वस्तूबरोबर एकच खात्री दिली जाते, "हे बसवलं की गाडीला कोणी हात लावणार नाही."

ही खात्री खरी किती, हा प्रश्न आपल्या घराघरांतला आहे. आपल्यातल्या बहुतेक कुटुंबांची गाडी वर्षानुवर्षांच्या बचतीतून किंवा हप्त्यांवर आलेली असते. कुणाच्या घरी तीच गाडी टूरिस्ट परवान्यावर चालून चूल पेटवते. घरांना पार्किंग नसल्याने ती रात्रभर गल्लीत, मैदानाच्या कडेला नाहीतर हमरस्त्यावर उभी असते. ती गेली तर गाडी जाते आणि हप्ते मात्र राहतात. म्हणून या साधनांची एकेक करून तपासणी करावी, असे आम्हाला वाटले.

चोर एक नाही, तीन प्रकारचे आहेत

कुलूप चांगले की वाईट हे ठरवण्याआधी ते कोणाविरुद्ध लावायचे आहे, हे पाहावे लागते.

पहिला चोर संधीसाधू. त्याच्याकडे अवजारे थोडी आणि वेळ त्याहून थोडा. ज्या गाडीला कमी कष्ट पडतील ती तो उचलतो. काच खाली राहिलेली, चावी आत विसरलेली किंवा जुन्या पद्धतीच्या कुलपाची गाडी त्याला आवडते.

दुसरा चोर टोळीतला. त्याला ठरावीक मॉडेलची मागणी आलेली असते. त्याच्याकडे चावी बनवण्याचे यंत्र असते, इंजिनचा संगणक बदलण्याची तयारी असते, प्रसंगी गाडी उचलून नेण्याचीही सोय असते. अशा गाड्यांचे पुढे सुटे भाग होतात. नाहीतर अपघातात भंगार झालेल्या त्याच मॉडेलच्या गाडीची कागदपत्रे विकत घेऊन तिचा चेसिस नंबर चोरीच्या गाडीवर ठोकला जातो.

तिसरा चोर ओळखीतला. त्याच्या हातात चावी येऊन गेलेली असते. काढून टाकलेला ड्रायव्हर, गॅरेजमधला पोरगा, वॉशिंग सेंटरवरचा माणूस किंवा गाडी विकून दुसरी चावी स्वतःकडे ठेवणारा विक्रेता, यांपैकी कोणीही तो असू शकतो.

दुकानातली बहुतेक साधने पहिल्या चोराला अडवतात, दुसऱ्याला उशीर करायला लावतात आणि तिसऱ्यापुढे हतबल ठरतात. आता हे सविस्तर पाहू.

खरा पहारेकरी चावीतच असतो

आजच्या बहुतेक गाड्यांच्या चावीच्या मुठीत एक बारीक चिप असते. तिला स्वतःच्या बॅटरीची गरज नसते. चावी खोबणीत घातली की तिच्याभोवतीच्या वेटोळ्यातून चिपला ऊर्जा मिळते आणि ती आपली ओळख सांगते. ओळख पटली तरच इंजिनचा संगणक इंजिन सुरू होऊ देतो. याला इमोबिलायझर म्हणतात. नुसती कापून आणलेली डुप्लिकेट चावी दार उघडेल, पण गाडी सुरू होणार नाही.

युरोपीय संघाने १९९८ पासून नव्या मोटारींना हे साधन सक्तीचे केले. ऑस्ट्रेलियाने २००१ मध्ये आणि कॅनडाने २००७ मध्ये तोच रस्ता धरला. नेदरलँड्समधील १९९५ ते २००८ या काळातील चोऱ्यांचा अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा या सक्तीमुळे गाडी चोरीला जाण्याची शक्यता ४० ते ५० टक्क्यांच्या घरात घटल्याचे दिसले. इतक्या स्वस्त वस्तूने इतका फरक पडावा, ही मोठी गोष्ट आहे.

याची उलटी बाजू अमेरिकेने पाहिली. तिथे इमोबिलायझरची सक्ती नव्हती. किआ आणि ह्युंदाई या कंपन्यांनी तिथल्या आपल्या अनेक साध्या चावीच्या गाड्या त्याशिवायच विकल्या. २०२१ च्या सुमारास मिलवॉकी शहरातील पोरांनी ही खोट हेरली. स्टिअरिंगखालचे आवरण तोडायचे आणि मोबाईल चार्जिंगच्या केबलच्या टोकाने कुलूप फिरवायचे, एवढ्यावर गाडी सुरू होई. त्याचे व्हिडिओ पसरले आणि शहरोशहरी चोऱ्यांचा पूर आला. शेजारच्या कॅनडात कायद्यामुळे याच कंपन्यांच्या गाड्यांत इमोबिलायझर होता, त्यामुळे ही युक्ती तिथे चालली नाही.

पुढची हकीकत आपल्या विषयाच्या आणखी जवळची आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपन्यांनी सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी मोफत सॉफ्टवेअर सुधारणा जाहीर केली, आणि पोलिसांमार्फत स्टिअरिंगचे दांडेही फुकट वाटले. विम्याची आकडेवारी तपासणाऱ्या तिथल्या संस्थेला असे आढळले की, सुधारणा केलेल्या गाड्यांच्या चोरीचे दावे न केलेल्यांपेक्षा ५३ टक्क्यांनी कमी झाले. मात्र याच गाड्यांच्या काचा आणि कुलपे फोडण्याचे दावे कमी झाले नाहीत, उलट वाढले. चोर येत होता, काच फोडत होता, गाडी सुरू होत नाही हे कळल्यावर निघून जात होता. गाडी वाचली, काचेचा खर्च मात्र मालकाच्या गळ्यात पडला.

यातून एक साधा नियम निघतो. आतले साधन गाडी वाचवते आणि बाहेरून दिसणारे साधन चोराला काच फोडण्याआधीच परतवते. दोन्हींची गरज वेगळी आहे.

आता दुकानातली साधने

गिअर लॉक. जमिनीला बोल्टने पक्की केलेली पट्टी आणि गिअरचा दांडा रिव्हर्समध्ये अडकवणारी पिन, अशी याची रचना असते. इलेक्ट्रॉनिक युक्त्यांना हा दाद देत नाही, कारण त्यात इलेक्ट्रॉनिक काही नसतेच. तोडायला कटर लागतो, आवाज होतो, वेळ जातो. पण बोल्टचे डोके बाहेरून पान्याने फिरवता येत असेल तर हे कुलूप नावापुरते उरते. बसवताना डोके तुटून सपाट होणारे बोल्ट वापरले की नाही, ते स्वतः पाहावे. ऑटोमॅटिक गाडीसाठी त्या मॉडेलचाच लॉक घ्यावा.

स्टिअरिंगचा दांडा. याचा मोठा गुण म्हणजे तो काचेतून दिसतो. संधीसाधू चोर दांडा पाहून पुढच्या गाडीकडे वळतो. कसलेला चोर मात्र दांडा कापत बसत नाही. तो स्टिअरिंगचे चाकच कापतो, कारण त्याच्या आतली कडी दांड्यापेक्षा मऊ असते. तरीही काही मिनिटे जातातच. पैशांच्या मानाने ही वस्तू वाईट नाही. अट एकच, ती रोज लावली पाहिजे. डिकीत पडलेला दांडा कोणालाच अडवत नाही.

सायरन. एकेकाळी याचा दरारा होता. आज रात्री सायरन वाजला की शेजारी कूस बदलतात. मांजर बोनेटवर चढली तरी तो वाजतो आणि ट्रक गेला तरी वाजतो. टोळीतला चोर प्रथम सायरनचीच वायर तोडतो. सायरन घ्यायचाच असेल तर बोनेट न उघडता वायरला हात लागणार नाही असा आणि स्वतःची बॅटरी असलेला घ्यावा. त्याची संवेदनशीलता कमी करून घ्यावी, नाहीतर आठवड्याभरात तुम्हीच तो बंद कराल.

छुपा स्विच. ज्यांच्या गाडीत कंपनीचा इमोबिलायझर नाही, त्यांच्यासाठी हे सर्वात कामाचे आहे. इंधन पंपाचा किंवा स्टार्टरचा प्रवाह एका लपवलेल्या बटणातून नेतात. बटण दाबल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. चोराला बिघाड कुठे आहे हेच कळत नाही. मात्र बटण डॅशबोर्डखाली नेहमीच्या जागी बसवले तर चोराचा हात तिथेच आधी जातो. आणि जोडणी अशी हवी की चालत्या गाडीत चुकून प्रवाह तुटणार नाही. इंजिन अचानक बंद पडले तर स्टिअरिंग जड होते आणि थोड्या वेळात ब्रेकची मदतही संपते. हमरस्त्यावर हे जिवावर बेतू शकते.

जीपीएस. हे कुलूप नव्हे. ते चोरी थांबवत नाही, चोरीनंतर माग दाखवते. आत सिम असते, त्याचे रिचार्ज संपले की यंत्र मुके होते. तळघरात उभ्या गाडीचा ठावठिकाणा लागत नाही. टोळ्या सिग्नल दाबणारे जॅमरही वापरतात. तरीही चोरीचा पत्ता लवकर लागला आणि यंत्र नीट लपवलेले असले, तर परत मिळण्याची आशा याच साधनाने वाढते. ज्यांची गाडी ड्रायव्हरच्या हाती असते, त्यांना याचा रोजचाही उपयोग आहे. मोबाईलवरून इंजिन बंद करण्याची सोय असेल तर ती उभ्या गाडीसाठीच वापरावी.

गाडीत लपवलेल्या मागोवा यंत्राची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत १९८६ पासून पोलिसांना माग दाखवणारे छुपे प्रक्षेपक गाड्यांत बसू लागले. बाहेरून काहीच दिसत नसल्याने कोणत्या गाडीत ते आहे, हे चोराला कळेना. १९९८ मध्ये दोन अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिले की, त्यामुळे शहरातल्या साऱ्याच गाड्यांच्या चोऱ्या घटल्या आणि बसवणाऱ्या मालकाच्या वाट्याला या फायद्याचा दहावा हिस्साही आला नाही. उरलेला लाभ शेजाऱ्यापाजाऱ्यांना झाला.

दिसणाऱ्या कुलपाचे नेमके उलटे आहे. ब्रिटनने १९७१ पासून फक्त नव्या गाड्यांना स्टिअरिंग लॉक सक्तीचा केला, तेव्हा नव्या गाड्या वाचल्या आणि चोर जुन्या गाड्यांकडे वळले. पश्चिम जर्मनीने १९६३ मध्ये नव्या-जुन्या सर्वच गाड्यांना तो लावायला लावला, तेव्हा तिथल्या एकूण चोऱ्याच खाली आल्या. गल्लीत एकाच्याच गाडीला दांडा असला तर चोर शेजारच्या गाडीकडे जातो. सगळ्यांनी लावला तर तो गल्ली सोडतो.

चावीची पिशवी आणि ओबीडी कुलूप. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीची चावी घरात असतानाही तिचा सिग्नल यंत्राने वाढवून बाहेरची गाडी उघडता येते. त्यासाठी दोन चोर लागतात, एक दाराशी आणि एक गाडीशी. धातूचे अस्तर असलेली पिशवी हा सिग्नल अडवते. चावी पिशवीत घालून गाडीजवळ जावे आणि दार उघडत नाही ना, हे स्वतः पाहावे. चावी दाराजवळच्या खुंटीवर टांगू नये. गॅरेजवाले स्टिअरिंगखालच्या ज्या सॉकेटला संगणक जोडतात, त्याला ओबीडी म्हणतात. चोर तिथूनच नवी चावी गाडीला ओळखायला लावतात. त्या सॉकेटवर लोखंडी झाकण बसवता येते. हेडलाइटमागच्या वायरींतून गाडीच्या संगणकाला फसवण्याचा प्रकारही ब्रिटनमध्ये २०२३ साली उजेडात आला. त्याला हे झाकण उपयोगी नाही. गिअर लॉक मात्र तेव्हाही आपल्या जागी असतो.

बसवणारा कोण, हे साधनाइतकेच महत्त्वाचे

वायरिंग कापून बसवलेल्या साधनात आम्हाला सर्वात मोठा धोका दिसतो तो चोराचा नाही, आगीचा आहे. उघडी जोडणी, फ्यूज नसलेली वायर आणि स्वस्तातली रिले यांनी गाडी पेटू शकते. शिवाय कंपनीच्या वायरिंगला हात लावल्यास त्या भागाची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. म्हणून वॉरंटीतल्या गाडीला यांत्रिक कुलूप लावावे आणि इलेक्ट्रिकचे काम कंपनीच्या डीलरकडे किंवा जोडणीचे बिल लिहून देणाऱ्या जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच द्यावे. काम चालू असताना घरातले कोणीतरी तिथे बसावे. छुपा स्विच कुठे आहे, हे जितक्या कमी लोकांना कळेल तितके बरे.

विमा हे शेवटचे कुलूप

थर्ड पार्टी विम्यात गाडीची चोरी येत नाही. त्यासाठी कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून देणारी पॉलिसी लागते. जुनी गाडी म्हणून फक्त थर्ड पार्टी काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

चोरी झाल्यास विमा कंपनी गाडीची घोषित किंमत, म्हणजे आयडीव्ही देते. ती दरवर्षी उतरते. दोन ते तीन वर्षांच्या गाडीच्या किमतीतून ३० टक्के वजा होतात. समजा गाडीची कंपनीने ठरवलेली किंमत ८ लाख होती, तर हाती ५ लाख ६० हजारांच्या आसपास येतील. कर्ज ६ लाख उरले असेल, तर गाडी नसताना ४० हजार रुपये घरातून भरावे लागतील. आरटीओचा कर तर गेलाच. नव्या गाडीला 'रिटर्न टू इनव्हॉइस' नावाची जोड पॉलिसी मिळते, ती ही दरी भरून काढते. दुकानातल्या कोणत्याही साधनाआधी तिचा विचार करावा, असे आमचे मत आहे.

साधन बसवल्यास विम्यात सूट मिळते, असे दुकानदार सांगतात. ते खरे आहे, पण सूट किती? २००२ च्या मोटर दरपत्रकाप्रमाणे पुण्याच्या एआरएआय संस्थेने मान्य केलेले साधन असेल आणि ते बसवल्याचे ऑटोमोबाइल असोसिएशनचे प्रमाणपत्र असेल, तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, आणि जास्तीत जास्त ५०० रुपये. हप्ता ८ हजारांचा असेल तर बचत २०० रुपयांची. साधन जरूर घ्या, पण सुटीसाठी घेऊ नका.

दावा करताना कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एक हरवली असेल तर आजच पोलिसांत नोंद करून नवी चावी घ्यावी, आणि डीलरला सांगून हरवलेली चावी गाडीच्या यादीतून काढून टाकावी. चावी गाडीत सोडून चहाला जाणाऱ्याचा दावा 'काळजी घेतली नाही' म्हणून अडकतो, हे वेगळे सांगायला नको.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांसाठी

आपल्याकडे जुनी गाडी घेणारी कुटुंबे पुष्कळ. गाडी विकून, आतल्या छुप्या जीपीएसने माग काढून, राखून ठेवलेल्या चावीने तीच गाडी परत पळवणाऱ्या टोळ्या पोलिसांनी पकडल्या आहेत. म्हणून व्यवहारात दोन्ही चाव्या घ्याव्यात आणि डीलरकडे जुन्या चाव्या रद्द करून नव्याने नोंदवाव्यात. अनोळखी वायर आणि डबी कुठे आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

चेसिस नंबरावर बोट फिरवून पाहावे. घासल्याची, वेल्डिंगची किंवा नव्या रंगाची खूण दिसली तर मागे फिरावे. आरसीवरचा नंबर, इंजिनवरचा नंबर आणि परिवहन खात्याच्या नोंदीतला नंबर तिन्ही जुळले पाहिजेत. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट आहे. तिचे लॉक एकदाच वापरता येते, काढले की तुटते. प्लेट साध्या स्क्रूने बसवलेली दिसली तर कारण विचारावे. ही प्लेट चोरी थांबवत नाही, पण चोरीच्या गाडीला दुसऱ्याचे नाव देणे अवघड करते.

मग घ्यावे काय?

सगळा विचार करून आम्हाला असा क्रम सुचतो. खर्च नसलेली गोष्ट आधी. गाडी उजेडात, दुकानाच्या किंवा इमारतीच्या कॅमेऱ्यासमोर आणि पुढची चाके कडेकडे वळवून उभी करा. स्टिअरिंगचे मूळ कुलूप बसल्याचा आवाज ऐका. बॅग, मोबाईल आणि कागदपत्रे गाडीत ठेवू नका. लग्नाच्या हॉलवर किंवा गर्दीच्या ठिकाणी अनोळखी माणसाच्या हाती चावी देऊ नका.

गाडीत इमोबिलायझर असेल तर एक चांगला गिअर लॉक किंवा दिसणारा दांडा पुरे. इमोबिलायझर नसेल तर त्याबरोबर छुपा स्विच बसवा. टोळ्यांच्या मागणीतली महागडी गाडी असेल किंवा गाडी धंद्यावर असेल तर जीपीएस घ्या आणि रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. बटणाची चावी असेल तर पिशवी घ्या. सायरन सर्वात शेवटी. चार स्वस्त साधनांपेक्षा रोज लावले जाणारे एक मजबूत साधन बरे.

आणि तरीही गाडी गेलीच तर? ती टोइंगने नेली नाही ना, याची खात्री करून लगेच ११२ ला कळवा आणि त्याच दिवशी फिर्याद नोंदवा. विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. फिर्याद तत्काळ दिली असेल आणि चोरी खरी असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून दावा फेटाळता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिला आहे. तरी उशीर करू नये. फास्टॅगचे संदेश पाहत राहा, गाडी कोणत्या टोलनाक्यावरून गेली हे त्यातून कळू शकते आणि ती माहिती तपास अधिकाऱ्याला द्यावी. आरटीओलाही अर्ज द्या, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर चढणार नाही. गाडी सापडली नाही तर पोलिसांचा 'अ समरी' अहवाल मिळवा, दावा त्यावरच पुढे सरकतो.

वाचकहो, आज रात्री झोपण्यापूर्वी दोन गोष्टी करा. गाडीची दुसरी चावी नेमकी कुठे आहे ते शोधा आणि विम्याच्या कागदावर 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' लिहिले आहे की 'थर्ड पार्टी', ते वाचा. दुकानात जायचे की नाही, हे त्यानंतर ठरवा.